राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब: हृदयविकाराचे जोखीम घटक समजून घेताना

तुमचा रक्तदाब १६० च्या पुढे आहे आणि तुम्हाला काहीच त्रास होत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, झोप आणि जेवण व्यवस्थित आहे, रोज कामालाही जाता. अशा वेळी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की त्रासच नाही तर औषध कशाला? प्रश्न अगदी साहजिक आहे. बाह्यरुग्ण विभागात तो रोज विचारला जातो.

त्याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेऊ. अमेरिकेचे ३२ वे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांचे नाव तुम्ही दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात ऐकले असेल. त्यांच्या रक्तदाबाच्या १९३५ ते १९४५ या दहा वर्षांतल्या काही नोंदी आज उपलब्ध आहेत. त्या काळात रक्तदाब खात्रीने उतरवणारे औषध नव्हते. त्यामुळे वाढलेल्या रक्तदाबाला अडवले नाही तर तो शरीरात काय काय करतो, हे त्यांच्या आजारपणात टप्प्याटप्प्याने दिसते.

वय आणि घराणे: जे आपल्या हातात नसते

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क येथे एका श्रीमंत घरात झाला. ते आठ वर्षांचे असताना, १८९० मध्ये, वडील जेम्स यांना हृदयविकाराचा झटका आला. वडिलांना दगदग होऊ नये, मनस्ताप होऊ नये, ही काळजी त्यानंतर घरात सतत घेतली जाई. डिसेंबर १९०० मध्ये, ७२ व्या वर्षी, जेम्स हृदयविकारानेच गेले. आई सारा मात्र ८६ वर्षे जगल्या.

आता हे तुमच्या घरावर लावून बघा. डॉक्टर तुम्हाला घरात कोणाला हार्ट अटॅक आला होता का, असे विचारतात, तेव्हा त्यांना त्या व्यक्तीचे वयही हवे असते. वडील किंवा सख्खा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, किंवा आई किंवा सख्खी बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमचा धोका वाढलेला धरतात. जेम्स यांना पहिला झटका साठी उलटल्यावर आला. म्हणजे आजच्या निकषाने पाहिले तर रूझवेल्ट यांचा कौटुंबिक इतिहास फार गंभीर ठरत नाही. तरीही त्यांना हृदयाचा आजार झाला. घरात कोणालाच नाही, मग मला कसा होईल, हा हिशेब म्हणूनच चुकतो. आनुवंशिकता हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे.

पोलिओ, बैठे आयुष्य आणि सिगारेट

ऑगस्ट १९२१ मध्ये, ३९ व्या वर्षी, रूझवेल्ट यांना पोलिओ झाला असे निदान झाले आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. तोवर ते पोहणारे, नाव वल्हवणारे, गोल्फ खेळणारे गृहस्थ होते. त्यानंतर चाकांची खुर्ची आली. उभे राहायचे तर पायांना लोखंडी पट्ट्यांचे आधार बांधावे लागत. जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथील कोमट झऱ्यांच्या पाण्यात त्यांनी नेटाने व्यायाम केला आणि तिथे पोलिओच्या रुग्णांसाठी केंद्रही उभे केले. १९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, तर मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना पोहता यावे म्हणून व्हाइट हाउसमध्ये तलाव बांधला गेला. मात्र पुढे युद्धाचा भार वाढला आणि बहुतेक वेळ खुर्चीतच जाऊ लागला.

त्याच्या जोडीला सिगारेट होती. लांब नळीत खोचलेली सिगारेट ही त्यांची ओळखच झाली होती. दिवसाला एक पाकीट, कधी त्याहून जास्त. तंबाखूमुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. डॉक्टर स्वतःसुद्धा सर्रास सिगारेट ओढत.

इथे एक फरक लक्षात घ्या. पोलिओ होणे रूझवेल्ट यांच्या हातात नव्हते. गुडघ्यांमुळे, पक्षाघातामुळे किंवा कामाच्या स्वरूपामुळे ज्यांची हालचाल कमी झाली आहे, त्यांचेही तसेच असते. पण एक घटक आपल्या हातात नाही म्हणून बाकीचे सोडून द्यायचे नसतात. उलट चालणे शक्य नसेल तर तंबाखू, मीठ आणि रक्तदाब यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

आकडे चढत गेले

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते, त्या क्षणी धमन्यांत असलेला दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा.

१९३५ मध्ये रूझवेल्ट यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ भरला. १९४० मध्ये १७८/८८ आणि १९४१ च्या फेब्रुवारीत १८८/१०५. या सहा वर्षांत ते दोन निवडणुका जिंकले, रोज डझनभर माणसांना भेटले, रेडिओवरून देशाशी बोलले. आपल्या शरीरात काही बिघडते आहे असे त्यांना जाणवत नव्हते.

तरीही उपचार का झाले नाहीत? एक कारण म्हणजे उपचार फारसे नव्हतेच. दुसरे कारण त्या काळच्या समजुतीत होते. वयाबरोबर धमन्या कडक होतात, तेव्हा त्यांतून रक्त पुढे जायचे तर दाब वाढायलाच हवा, असे अनेक नामवंत डॉक्टर मानत. वाढलेला दाब ही शरीराची गरज आहे आणि तो उतरवणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ लावला जाई. वय झाले की बीपी थोडे वाढायचेच, हे वाक्य आजही घराघरांत ऐकू येते. त्याचे मूळ या जुन्या समजुतीत आहे आणि ती चुकीची ठरून आता अनेक दशके झाली.

रूझवेल्ट यांचे डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे नौदलातले कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. राष्ट्राध्यक्षांना सायनसचा त्रास वारंवार होत असल्यामुळे त्यांची नेमणूक झाली होती. त्यांचे लक्ष नाका-घशाकडे राहिले. तुम्हीही गुडघ्यासाठी, डोळ्यांसाठी किंवा दातांसाठी एखाद्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जात असाल. पण याच काळात तुमचे बीपी कोणी मोजले आहे का, हे एकदा आठवून पाहा.

मार्च १९४४: मुलीचा आग्रह

१९४३ च्या अखेरीस रूझवेल्ट तेहरानच्या परिषदेहून परतले आणि त्यानंतर त्यांची तब्येत सुधारेना. खोकला जाईना. थकवा इतका की दिवसाउजेडी डुलकी लागे. चेहरा पांढुरका दिसू लागला. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये राहायला आलेली त्यांची मुलगी अ‍ॅना हिच्या हे ध्यानात आले. फ्लू आणि श्वासनलिकेचा दाह या कारणांवर तिचे समाधान होईना. तिने मॅकिंटायर यांच्याकडे पूर्ण तपासणीचा आग्रह धरला.

मार्च १९४४ च्या अखेरीस बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले. रक्तदाब १८६/१०८ होता. हृदय मोठे झाले होते, फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचल्याचे आवाज ऐकू येत होते, ईसीजीमध्ये बदल होते. निदान स्पष्ट होते: उच्च रक्तदाब, त्यामुळे झालेला हृदयविकार, आणि डाव्या बाजूचे हार्ट फेल्युअर.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शेतातल्या विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर आणा. पुढच्या पाइपातला दाब कायम जास्त असेल तर पंपाला रोज जास्त जोर लावावा लागतो. हृदयाचा डावा कप्पा म्हणजे स्नायूंचा पंपच. वर्षानुवर्षे जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलून त्याची भिंत जाड आणि ताठर होते. पुढे तो थकतो आणि आलेले सगळे रक्त पुढे पाठवू शकत नाही. मग मागे, म्हणजे फुप्फुसांत, रक्त तुंबते आणि त्यातले पाणी झिरपू लागते. त्यामुळे खोकला येतो, आडवे झाल्यावर दम लागतो, थकवा येतो. रूझवेल्ट यांच्या बाबतीत श्वासनलिकेचा दाह होताच, पण त्याच्याआड हृदयाचा आजार लपून राहिला होता. तुमच्या घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल आणि त्याचा खोकला पंधरा दिवसांनीही जात नसेल, रात्री उशा वाढवून झोपावे लागत असेल, पायांवर सूज येत असेल, तर खोकल्याच्या औषधावर थांबू नका.

ब्रुएन यांनी अंथरुणात विश्रांती, डिजिटॅलिस, कमी मीठ आणि वजन कमी करणे असे उपाय सुचवले. युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्षांना अंथरुणात झोपवून ठेवणे मॅकिंटायर यांना शक्य वाटेना. मग बाहेरचे ज्येष्ठ डॉक्टर बोलावले गेले आणि चर्चेअंती डिजिटॅलिस सुरू झाले. हे फॉक्सग्लव्ह नावाच्या वनस्पतीपासून मिळणारे जुने औषध हृदयाचे आकुंचन जोमदार करते. काही दिवसांतच खोकला कमी झाला, फुप्फुसे मोकळी झाली आणि झोप लागू लागली. सिगारेटी आणि मद्य कमी करण्यात आले, कामाचे तास घटवले गेले, आणि एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका मित्राच्या शेतघरी महिनाभर विश्रांती झाली.

बरे वाटू लागले, पण रक्तदाब उतरला नाही. त्या एप्रिलमध्ये तो अनेकदा २०० च्या वर भरत होता. थकलेल्या पंपाला औषधाने थोडा जोर आला होता, पुढच्या पाइपातला दाब मात्र तसाच होता. बरे वाटणे आणि आजार आटोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गोष्ट ब्रुएन यांनी पुढे नोंदवून ठेवली. आपली तपासणी इतक्या वेळा का होते, गोळ्या कशाच्या आहेत, हे रूझवेल्ट यांनी त्यांना कधी विचारले नाही. जनतेलाही सत्य सांगितले गेले नाही. वयाच्या मानाने त्यांची प्रकृती उत्तम आहे असे मॅकिंटायर पत्रकारांना सांगत राहिले.

छातीत दुखलेली पंधरा मिनिटे

१२ ऑगस्ट १९४४ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन येथे रूझवेल्ट युद्धनौकेवर उभे राहून भाषण करत होते. वारा होता, नौका हलत होती, आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी पायांना लोखंडी आधार बांधले होते. भाषण चालू असताना त्यांच्या छातीत दुखू लागले. वेदना दोन्ही खांद्यांकडे पसरली आणि सुमारे पंधरा मिनिटांनी ओसरली. त्यांनी भाषण पुरे केले. नंतरच्या ईसीजीत नवीन बदल दिसला नाही.

याला अँजायना म्हणतात. हृदयाच्या स्नायूला ज्या क्षणी जास्त रक्त लागते, त्या क्षणी अरुंद झालेल्या धमन्यांतून ते पोचत नाही. श्रम थांबले की वेदना थांबते. ती थांबली म्हणून धोका टळला असे मात्र नसते, आणि त्या वेळचा ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदय निर्दोष आहे असेही सिद्ध होत नाही. आपल्याकडे ही वेदना गॅस किंवा पित्त म्हणून फार वेळा सोडून दिली जाते. रूझवेल्ट यांच्याजवळ निदान हृदयरोगतज्ज्ञ होता. तुम्हाला मात्र दवाखान्यात जावे लागेल, आणि ते त्याच दिवशी.

शेवटचे महिने

२१ ऑक्टोबर १९४४ रोजी, निवडणुकीच्या धामधुमीत, रूझवेल्ट भर पावसात उघड्या मोटारीतून न्यूयॉर्क शहरात तासन् तास फिरले. लोकांना ते धडधाकट वाटले आणि नोव्हेंबरमध्ये ते चौथ्यांदा निवडून आले. त्याच महिन्यात त्यांचा रक्तदाब २६०/१५० नोंदला गेला.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेसाठी ते क्रिमियाला गेले, सोबत अ‍ॅना होती. परतल्यावर मार्च अखेरीस विश्रांतीसाठी वॉर्म स्प्रिंग्जला पोचले. १२ एप्रिलच्या दुपारी एक चित्रकार त्यांचे चित्र रंगवत असताना डोक्याच्या मागच्या भागात अचानक तीव्र वेदना उठली आणि ते बेशुद्ध झाले. ब्रुएन काही मिनिटांत पोचले. रक्तदाब ३०० च्या वर, खालचा आकडा १९०. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी त्यांचा मृत्यू झाला. वय ६३. महिन्याभरात जर्मनी शरण आली, ते पाहायला ते उरले नाहीत.

हा मृत्यू अगदी अनपेक्षित होता, असे मॅकिंटायर यांनी जगाला सांगितले. १९७० मध्ये ब्रुएन यांनी आपल्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या, तेव्हा ते आकडे सर्वांना वाचायला मिळाले. १९३७ पासून चढत आलेली ती ओळ पाहिली की अनपेक्षित हा शब्द पटत नाही.

तुम्ही म्हणाल, हा तर मेंदूतला रक्तस्राव, हृदयविकार कुठे? रक्तवाहिन्या सगळीकडे एकमेकींना जोडलेल्या आहेत. तोच वाढलेला दाब हृदयाची भिंत जाड करतो, हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साठायला मदत करतो, मूत्रपिंडे खराब करतो आणि मेंदूतली वाहिनी फोडतो. आधी कोणता अवयव दगा देईल हे सांगता येत नाही. त्यामुळे हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांचे जोखीम घटक बहुतांशी तेच आहेत.

एका गावाने दिलेले उत्तर

रूझवेल्ट गेले तेव्हा हृदयविकार हे अमेरिकेतल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण होते आणि तो का होतो हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या हॅरी ट्रुमन यांनी जून १९४८ मध्ये हृदयरोग संशोधनाच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी बॉस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या सुमारे २८ हजार वस्तीच्या गावात एक अभ्यास सुरू झाला. ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची आणि कोणाला हृदयविकार होतो, कोणाला होत नाही, हे पाहत राहायचे. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही या अभ्यासात आली.

१९५७ मध्ये पहिले मोठे उत्तर मिळाले. ज्यांचा रक्तदाब १६०/९५ किंवा त्याहून जास्त होता, त्यांना हृदयविकार होण्याचे प्रमाण जवळजवळ चौपट होते. रूझवेल्ट यांनी ही रेषा वीस वर्षे आधी, १९३७ मध्येच, ओलांडली होती. पाठोपाठ कोलेस्टेरॉल, सिगारेट, स्थूलता, बैठेपणा आणि मधुमेह यांचाही संबंध दिसून आला. १९६१ मध्ये याच अभ्यासाच्या निबंधातून जोखीम घटक ही कल्पना रूढ झाली.

जोखीम घटक म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. तो असला म्हणजे आजार होणारच असे नाही, आणि नसला म्हणजे होणार नाही अशी हमीही नाही. ओल्या रस्त्यावर प्रत्येक गाडी घसरत नाही. पण रस्ता ओला, टायर गुळगुळीत आणि वेग जास्त, असे तिन्ही एकत्र आले की अपघाताची शक्यता कितीतरी वाढते. जोखीम घटकही असेच एकमेकांचा जोर वाढवतात. म्हणून डॉक्टर एकट्या बीपीकडे न पाहता साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि वय यांचा एकत्र विचार करतात.

मग औषधे आली

यातला एक धागा मुंबईचा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांमध्ये अभ्यासला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले आणि तिच्यातून रिसर्पिन हे औषध मिळाले. १९५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणारी थायझाइड गटातली गोळी आली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना खरी औषधे दिली होती, त्यांत रिसर्पिनही होते. बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. औषध न मिळालेल्यांत २७ जणांना गंभीर दुष्परिणाम भोगावे लागले, तर औषध मिळालेल्यांत फक्त दोघांना.

लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. गोळी आजच्या त्रासासाठी नसते. ती पुढच्या दहा वर्षांसाठी असते. आज सर्पगंधाची जागा जास्त सुरक्षित औषधांनी घेतली आहे, तेव्हा ती मुळी आणून घरी काढा करून पिऊ नका.

तुमचे आकडे तपासा

• रक्तदाब: दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर तो उच्च रक्तदाब. घरी मोजत असाल तर मर्यादा १३५/८५. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको.

• तंबाखू: सिगारेट, विडी, गुटखा, मळलेली तंबाखू, मिसरी, सगळे यात आले. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात त्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्याने घटतो.

• मीठ: सर्व पदार्थांतले मिळून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी आणि जेवताना वरून घेतलेले मीठ यांचा हिशेब यातच करायचा. सैंधव मीठही मीठच आहे.

• साखर आणि कोलेस्टेरॉल: रूझवेल्ट यांच्या काळात कोलेस्टेरॉल ही नेहमीची तपासणी नव्हती. तुमच्यासाठी ती एका रक्ताच्या नमुन्यावर होते. तिशीनंतर, आणि घरात इतिहास असेल तर त्याआधीही, डॉक्टरांना विचारून करून घ्या.

• पोट: भारतीयांमध्ये कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो, वजन फार दिसत नसले तरी.

• हालचाल: आठवड्यातून किमान १५० मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चालणे. चालता येत नसेल तर बसून करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

• वय: ५२ देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा काही वर्षे लवकर आल्याचे दिसले. साठीची वाट पाहू नका. याच अभ्यासाने असेही दाखवले की पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका मोजता येणाऱ्या नऊ घटकांशी निगडित आहे आणि त्यांतले बहुतेक बदलता येतात.

घरच्यांसाठी

रूझवेल्ट यांच्या आजाराचे निदान झाले ते अ‍ॅनाने हट्ट धरला म्हणून. ती डॉक्टर नव्हती. वडील पूर्वीसारखे दिसत नाहीत एवढे तिला कळले आणि मिळालेल्या उत्तरावर ती गप्प बसली नाही. तुमच्या घरातला माणूस जिना चढताना मध्येच थांबू लागला, पूर्वी न दमणाऱ्या कामाने दमू लागला, तर त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा. तुम्ही पाहिलेली लक्षणे डॉक्टरांना स्वतः सांगा.

दुसरे म्हणजे, रुग्णापासून आजार लपवू नका. बाबांना टेन्शन येईल म्हणून आकडे सांगितले नाहीत, हे आपल्याकडे प्रेमापोटीच होते. पण ज्याला आपला रक्तदाब माहीत नाही तो मीठ का सोडेल आणि गोळी का चालू ठेवेल? बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ असतात. ते गोळीमुळे नॉर्मल आले आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत हवे.

लगेच रुग्णालयात कधी जायचे?

• छातीत दाब, जळजळ किंवा वेदना, जी हात, खांदा, जबडा किंवा पाठीकडे जाते. सोबत घाम, मळमळ, दम.

• अचानक तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे.

• पूर्वी कधीच नव्हती इतकी तीव्र आणि अचानक उठलेली डोकेदुखी.

• रक्तदाब १८०/१२० च्या पुढे आणि सोबत वरीलपैकी कोणताही त्रास.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार गोष्टी जरूर विचारा: माझा रक्तदाब किती आहे, तो किती असायला हवा, माझ्या बाबतीत कोणते जोखीम घटक आहेत, आणि पुन्हा तपासायला कधी यायचे? उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवा. रूझवेल्ट यांच्याजवळ देशातले उत्तम डॉक्टर होते, पण त्यांच्या रक्तदाबावर चालणारी गोळी तेव्हा बनलेलीच नव्हती. तुमच्या गावातल्या औषधाच्या दुकानात ती मिळते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नका.)